रामटेकले विचारलं का?

दौलत,

काल मंगळवारची सभा झाली. तुझ्याशिवाय झालेली ही दुसरी. पहिली झाली तेव्हा तू चांगला धडधाकट होतास, फक्त नागपुरात नव्हतास, आणि ती मी कशी चालवली ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. त्या एका सभेवरून आपण सगळा पावसाळा भांडलो आणि भांडण मिटायच्या आत तू निघून गेलास.

माणूस गेल्यावर लिहितात त्या लेखात त्याचं शिक्षण, नोकरी, मुलंबाळं असं सगळं यावं लागतं. ते आपल्या वार्तापत्रात दुसरं कुणी तरी लिहील आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. हेही त्याच वार्तापत्रात छापून येईल, इतर लोक वाचतील याची थोडी लाज वाटते, पण मी कधी चारचौघांत चूक कबूल केली नाही ही तुझी माझ्याबद्दलची जुनी तक्रार होती, तेव्हा वाचू देत.

नव्या वाचकांना एवढंच सांगायला हवं की आपलं मंडळ खेड्यापाड्यांत बाळंतपणाची केंद्रं चालवतं. काटोलला एक डॉक्टर, उमरेडला एक सिस्टर, आणि रामटेकच्या पुढे धानाच्या बांध्यांमधल्या एका गावात सिंधूबाई नावाची नर्स. कार्यालय नागपूरला, लकडगंजात, लाकूड कापायच्या एका आरामशीनच्या वरच्या मजल्यावर. मी कार्यवाह. तू सहकार्यवाह, पण ते नुसतं म्हणायला. खरं काम काय, तर ही सगळी माणसं एकमेकांना धरून ठेवायची, आणि ते तू करत होतास.

आधी सभा महिन्यातून एकदा व्हायची आणि सगळे एस.टी.नं नागपूरला यायचे. सिंधूबाई पहाटे निघायच्या आणि अंधार पडल्यावर घरी पोचायच्या. सभेच्या दिवशी त्यांचं केंद्र बंद, आणि बाळंतपण काही सभेची तारीख पाहून येत नाही. एका सभेत त्या मान खाली घालून झोपी गेल्या. मी त्यांना हटकणार होतो, तेवढ्यात तू माझा हात दाबलास. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर म्हणालास, "माणसं काहून आणतं गा इथं? आवाज आण ना."

मला वाटलं गंमत करतोस. पण तू परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजच्या खेपा घालायला लागलास. एका वेळी एका गावाशी बोलायला मिळायची मारामार, आणि तुला तीन गावं एकाच तारेवर हवी होती. कसं जमवलंस मला नीट माहीत नाही. एक्स्चेंजमधल्या एका बाईंना तू आक्का म्हणायला लागलास आणि एके दिवशी येऊन सांगितलंस, "आक्का जोडून देते म्हणते. पण गोंधळ घातला तर तोडून टाकीन म्हणते."

गोंधळ घातलाच आपण. पहिल्या सभेत कितीतरी वेळ नुसतं 'हॅलो, कोण बोलतंय' एवढंच चाललं होतं. काटोलला नुकतेच रुजू झालेले डॉक्टर उमरेडच्या सिस्टरना रामटेकच्या समजून भातखाचरातल्या तापाबद्दल विचारत होते, त्या बिचाऱ्या उत्तर देत होत्या, आणि खऱ्या सिंधूबाई "साहेब, मी इकडं हाओ" म्हणून ओरडत होत्या. आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू यावा म्हणून तू फोनला जुन्या रेडिओचा स्पीकर जोडला होतास. ते नियमात बसत होतं की नाही हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. शेवटी आक्कांनीच मधे पडून सगळ्यांना दटावलं.

दुसऱ्या मंगळवारी मी वर आलो तर टेबलाभोवती तीन रिकाम्या खुर्च्या. पाठीवर कागद चिकटवलेले. काटोल. उमरेड. रामटेक. रामटेकची खिडकीजवळ.

आपले खजिनदार दारातच थांबले आणि म्हणाले, "हे काय बे दौलत, तेरवीचं पान वाढून राहिला का?"

सगळे हसले. तूही हसलास. मग म्हणालास, "खुर्ची दिसली का माणूस आठवते. नाही दिसली का आपण चौघंच सभा करून मोकळे."

त्या दिवसापासून सभेची रीत पडली ती पडली. प्रत्येक विषयावर तू एकेका खुर्चीकडे पाहून नाव घेऊन विचारायचास. आधी रामटेक, कारण तिथली तार सगळ्यांत कच्ची, कधी जाईल नेम नाही. मग उमरेड, मग काटोल, आणि आपण नागपूरवाले सगळ्यांत शेवटी. "आपण काय, इथंच बसून आहो," असं तुझं म्हणणं. एखाद्या गावाची तार तुटली की तू उठून त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायचास. खुर्ची फिरली की सभा थांबली. आक्का पुन्हा जोडून देईपर्यंत कुणी कामाचं बोलायचं नाही. त्या वेळात तू पोह्यांवरच्या तिखट तर्रीपासून कुणाच्या मुलीच्या लग्नापर्यंत काहीही बोलू द्यायचास, ठराव सोडून.

आणि सभेच्या आधी तू खाली जायचास. आरामशीनचे शेठ दर मंगळवारी तोच वाद घालायचे.

"अरे दौलतभाई, फिर आ गये? मेरा आदमी हाथ पे हाथ धर के बैठेगा क्या?"

"शेठजी, ऊपर बाईलोग बात कर रही हैं। बहोत दूर से।"

"कौन बाईलोग? मैं ने तो एक भी सीढ़ी चढ़ते नहीं देखी!"

"वोच तो बात है ना, शेठजी।"

शेठ कपाळाला हात लावायचे आणि आरा थांबायचा. मी हे सगळं वरून खिडकीतून पाहायचो. एकदाही खाली आलो नाही. कार्यवाहानं एका लाकूडवाल्याच्या विनवण्या करायच्या हे मला बरं दिसत नव्हतं. तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

उमरेडची ती दुपार आठवते तुला? सभा सुरू होती आणि सिस्टर मधेच म्हणाल्या, "सर, एक बाई आली आहे, मी जाते." थोड्या वेळानं परत आल्या त्या घाबरलेल्या आवाजात. मूल आडवं होतं. गाडी मिळत नव्हती. मी फोन ठेवून दुसरीकडे गाडीसाठी लावावा म्हणत होतो. तू माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतलास आणि म्हणालास, "आता फक्त उमरेड अन् काटोल. बाकीच्यांनी श्वास घ्या, बोलू नका. आक्का, काही झालं तरी तार सोडू नका."

काटोलचे डॉक्टर सांगत होते, सिस्टरांचा नवरा फोनपाशी उभा राहून ते आतल्या खोलीत ओरडून सांगत होता, आणि आतून आलेलं उत्तर परत काटोलला. हात कुठे, डोकं कुठे, आता दाबा, आता थांबा. आपण चौघं आणि रामटेकच्या सिंधूबाई, कुणीही एक शब्द बोललो नाही. खाली आरा बंद होता म्हणून डॉक्टरांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मग बराच वेळ काहीच नाही. मग सिस्टर स्वतः आल्या.

"झालं. पोरगी आहे."

डॉक्टर म्हणाले, "रडली का?"

"हो सर. आताही रडतेय. तुम्हाला ऐकू नाही येत?"

"नाही. पण तुम्ही म्हणता ना. बस."

त्या दोघांनी एकमेकांना तोवर पाहिलेलंही नव्हतं. सिंधूबाई तिकडून नुसतं "बरं झालं वं माय, बरं झालं" म्हणत होत्या. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू उमरेडच्या खुर्चीकडे पाहत होतास, जणू तिथं खरंच कुणी बसलं आहे आणि तिला पाणी विचारायला हवं.

त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मित्राचे आभार मानणं आपल्यात बसत नव्हतं. कॉलेजात तू माझ्या सायकलवर डबलसीट यायचास आणि चढ आला की खाली उतरून मागून ढकलायचास, तेव्हाही मी आभार मानले नाहीत. वर वाटायचं, माझीच सायकल आहे.

आता उन्हाळ्यातल्या त्या सभेचं.

तू पुतणीच्या लग्नाला गोंदियाला गेला होतास. जाताना म्हणालास, "पुढं ढकलून दे." मी म्हटलं, काही गरज नाही, इतकी वर्षं पाहतोय, एक सभा चालवता येईल मला. विषय महत्त्वाचा होता. नागपूरला लागून असलेल्या वाडीला ट्रान्सपोर्टची गोदामं वाढली होती, ट्रक धुणाऱ्यांची, हमालांची कुटुंबं एकेका भाड्याच्या खोलीत दाटीवाटीनं राहत होती, आणि तिथं बायकांसाठी काहीच नव्हतं. वाडीला केंद्र काढायचं तर नर्स हवी, सामान हवं. आपल्याकडे नवं काही येणार नव्हतं. म्हणून दिवाळीपासून रामटेकचं केंद्र बंद करून ते वाडीला हलवावं असा माझा प्रस्ताव होता. माझा. मी वाडीला जाऊन आलो होतो, तिथल्या खोल्या पाहून मला रात्रभर झोप लागली नव्हती. मी दुष्टपणानं काही करत नव्हतो, दौलत. हे तू नेहमी मान्य केलंस आणि त्यामुळेच तुझ्यावर रागावता आलं नाही.

त्या दिवशी मी खाली गेलो नाही. आरा चालू राहिला. स्पीकरमधून येणारे शब्द तुटत होते. काटोल हो म्हणालं, उमरेड बरंच काही म्हणालं, त्यातलं निम्मं कळलं. मग मी विचारलं, "कुणाची हरकत आहे का?" नाव न घेता. कुणीच बोललं नाही. मी पुन्हा एकदा विचारलं, मोठ्यानं, आणि पुन्हा कुणी बोललं नाही. मी म्हटलं, "मंजूर."

रामटेकची तार त्याच्या आधीच गेली होती.

मला ते माहीत होतं का, हे तू मला एकदाही थेट विचारलं नाहीस. मी स्वतःला रोज विचारतो. आवाजात काही तरी कमी झालं होतं. तार जिवंत असली की मागे जी बारीक घरघर असते तिच्यात फरक पडला होता, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं का? मला ऐकू आलं नाही हे खरं. ऐकू यावं म्हणून मी काही केलं नाही हेही खरं. आणि कुणी हरकत घेतली नाही तेव्हा मला बरं वाटलं, हे तर शंभर टक्के खरं.

तू गोंदियाहून आलास, हातात लग्नाच्या बुंदीचा पुडा होता, तो अजून टेबलावर ठेवलाही नव्हतास.

"रामटेकले विचारलं का?"

"कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. दोनदा. कुणी बोललं नाही."

"कुणी बोललं नाही, का कुणी होतंच नाही?"

"दौलत, निर्णय बरोबर आहे. तू वाडीला चल माझ्याबरोबर, तुला दाखवतो."

"मी निर्णयाचं बोलूनच नाही राहिलो. मी विचारून राहिलो, तिची खुर्ची कुठं होती?"

"असेल जागेवर."

"तोंड कुठं होतं खुर्चीचं?"

माझा तोल गेला. "खुर्ची, खुर्ची काय लावलंय? लाकूड आहे ते!"

"हो ना," तू म्हणालास. "अन् खाली आरा सुरूच होता. लाकूडच कापून राहिले होते तुमी सगळे."

मग तू बुंदीचा पुडा सोडून सगळ्यांना बुंदी वाटलीस. मलाही दिलीस. तुझं हेच मला कधी समजलं नाही.

तुझं म्हणणं सरळ होतं. हा विषय पुन्हा सभेपुढे आण, सिंधूबाईंना बोलू दे, मग वाटलं तर तेच ठरव. माझं म्हणणं, झालेला ठराव पुन्हा काढला तर उद्या प्रत्येक ठराव पुन्हा निघेल. विषय सभेपुढे आणायचा अधिकार कार्यवाहाचा, म्हणजे माझा. ठराव झाल्यावर मी एक्स्चेंजला कळवून टाकलं होतं की आता दोनच गावं जोडायची. केंद्र अजून चालू होतं, दिवाळीपर्यंत चालणार होतं, बायका येत होत्या, बाळंतपणं होत होती, पण सभेत रामटेक नव्हतं. तू तरीही दर मंगळवारी तिसरी खुर्ची मांडायचास. मी आलो की ती उचलून भिंतीशी ठेवायचो. तू ती पुढच्या मंगळवारी परत मांडायचास. दोन पोक्त माणसं एका खुर्चीशी काय करताहेत म्हणून खजिनदार आधी हसायचे, पुढे त्यांनीही हसणं सोडलं.

श्रावण संपता संपता माझं मन वळलं होतं. वाडीबद्दल नाही, सभेबद्दल. पण मी वाट पाहत होतो. तू अजून एकदा म्हणशील, मग मी जरा आढेवेढे घेईन आणि हो म्हणेन, म्हणजे ते माझ्याकडून तुला दिल्यासारखं होईल. इतका हलका विचार होता. लिहून ठेवतो आहे, कारण तोंडानं सांगायची वेळ गेली.

आणि तू म्हणालासही. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्या गर्दीत. तू पाण्याच्या पिंपाशी बाह्या सरसावून उभा होतास, आजूबाजूला गावोगावची माणसं, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, खांद्यावरची झोपलेली लेकरं. लहानपणी आईवडिलांचा हात धरून तू त्याच मैदानावर दीक्षा घेतली होतीस आणि त्यानंतर एकही वर्ष चुकवलं नव्हतंस. मला पाहून तू हातातला पेला उंच केलास आणि ओरडलास, "वसंता! मंगळवारी घेतो का विषय?"

मी म्हटलं, "पाहू."

"पाहूनच राहिला बे तू! चार महिन्यांपासून पाहूनच राहिला!" आणि तू इतका मोकळा हसलास की पाणी प्यायला थांबलेली एक म्हातारीही हसली. तिला काय कळलं कुणास ठाऊक. मग गर्दीचा लोट आला आणि तू दिसेनासा झालास.

तेच शेवटचं बोलणं. पुढचा मंगळवार तू पाहिला नाहीस.

तुझ्या घरी बुद्धवंदना झाली त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसलो होतो. काटोलचे डॉक्टर आणि उमरेडच्या सिस्टर एकमेकांशेजारी बसले होते, आणि किती तरी वेळ त्यांना ठाऊकच नव्हतं आपण कुणाशेजारी बसलो आहोत. बोलायला लागल्यावर आवाजावरून ओळख पटली. सिस्टर तोंडाला पदर लावून रडल्या. तू असतास तर तुला मजा वाटली असती.

मी चप्पल घालत होतो तेव्हा सिंधूबाई बाहेर आल्या. मी वाट काढून निघायच्या बेतात होतो हे त्यांना कळलं असावं.

"साहेब, एक सांगू? राग नका मानू."

"सांगा ना."

"त्या दिवशी मी दुकानात फोनपाशी उभी होती. तुमचा आवाज येऊन राहिला होता, मंग एकदम बंद. मी हॅलो हॅलो करून राहिली. दुकानदार म्हणे, बाई, तुमची सभा मेली, ठेवा आता. पण मी निवांत होती. मले वाटलं, दौलतभाऊ हायेत तिथं. ते थांबवून धरतीन सगळ्याइले. ते नव्हते, हे मले मालूमच नव्हतं."

त्या उत्तराची वाट न पाहता आत निघून गेल्या.

वहिनींना भेटलो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "भाऊजी, ते रागावून नव्हते हो तुमच्यावर. घरी हसून सांगत. म्हणत, वसंता हो म्हणते, पण त्याले वेळ लागते. पोह्यावर तर्री घेऊ का नको यालेच अर्धा तास लागते त्याले." आणि त्या रडता रडता हसल्या. मीही. तुझ्या घरात त्या दिवशी दुसऱ्या कुणाला हसू आलं नसेल.

म्हणून कालची सभा.

मी लवकर निघालो आणि पायऱ्या चढायच्या आधी आरामशीनमध्ये शिरलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. पण आरा बंदच होता. माणसं भुशावर बसून चहा पीत होती. शेठ गादीवरून उठून आले.

"आज तो मंगलवार है ना। मैं ने पहले ही बंद करवा दिया।" मग गादीकडे वळता वळता, "दौलतभाई नहीं है, पर बाईलोग तो बात करेंगी ना?"

मी म्हटलं, करतील. मला हिंदीत एवढंच सुचलं.

वर येऊन फोन उचलला. आक्का म्हणाल्या, "नमस्कार. दोन ठिकाणं, नेहमीसारखी?"

"नाही. तीन."

मग त्यांनी सरकारी आवाजात सांगितलं, "रामटेक लावते, थांबा," पण लगेच त्यांना राहवलं नाही. "दौलतसाहेब आधी नावं घेत, साहेब. घाई करू नका."

मी घाई केली नाही. एकेक नाव घेतलं. माझा आवाज तुझ्यासारखा मोकळा नाही, उमरेडच्या सिस्टरनी दोनदा विचारलं की मला सर्दी झाली आहे का. मग मी सांगितलं की उन्हाळ्यातल्या सभेत रामटेकची तार गेलेली असताना मी ठराव मंजूर म्हणून टाकला. ती चूक माझी, तारेची नाही. तो ठराव मी मागे घेतो आणि विषय पुन्हा मांडतो. आणि हेही सांगितलं की माझं मत अजून तेच आहे, केंद्र वाडीला हवं.

काटोलचे डॉक्टर म्हणाले, "वसंतराव, मत तेच आहे तर परत काढलंत कशाला? वेळ जातो."

"रामटेकला विचारलं नव्हतं म्हणून."

"मग विचारा."

"सिंधूबाई," मी म्हटलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

दौलत, मला वाटलं होतं त्या रडतील किंवा आभार मानतील. त्या भांडल्या. "चार महिने झाले साहेब, मले कुणी फोन नाही लावला. बाया मले विचारते, दिवाळीनंतर कुठं जाऊ? मी काय सांगू? वाडीच्या बाया बी बायाच आहेत, मले नका शिकवू. पण तिथली बाई अडली तर रिक्षात बसून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचते. माझ्याकडली बाई बैलबंडीत बसते. आता धान कापणी हाय, बंडी बी भेटत नाही. पोटुशी बाई वाकून कापणी करून राहिली आहे, इथून दिसते मले."

डॉक्टर म्हणाले, वाडीच्या बाईला रिक्षा कोण देतो? नवरा ट्रकवर, महिना महिना घरी नाही. ती कुणाला सांगणार? सिंधूबाई म्हणाल्या, माझ्या गावचे नवरे घरीच असते, काही कामाचे नाही. सिस्टर खळखळून हसल्या. मग त्याही भांडणात पडल्या. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं आणि सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. मला कितीदा वाटलं, आता आवरावं, मत घ्यावं, मोजून टाकावं. पूर्वी मी तेच केलं असतं. काल मी फक्त एवढंच पाहत होतो की कोण बराच वेळ बोललेलं नाही, आणि त्याचं नाव घेत होतो. हे इतकं अवघड काम आहे हे तू मला कधी सांगितलं नाहीस. की सांगितलं होतंस आणि मला खुर्च्या मांडणं वाटलं?

काहीच ठरलं नाही. एवढंच झालं की दिवाळीला रामटेकचं केंद्र बंद होणार नाही, आणि वाडीचं काय करायचं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं, दुसऱ्या कुणाचं काही उचलून न नेता ते जमतं का ते पाहायचं. डॉक्टरांना हे पटलेलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही. वाडीच्या त्या खोल्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, आणि तू असतास तर आज संध्याकाळी पायऱ्यांवर बसून मी तुला पुन्हा तेच सांगितलं असतं. तुझं आणि माझं भांडण मी मिटवलेलं नाही, दौलत. आता त्यात पाचसहा माणसं आली आहेत, आणि ती सगळी मोठ्यानं बोलणारी आहेत. मला वाटतं तुला हेच हवं होतं. मला उशीर झाला. वहिनी म्हणतात तसा मला उशीरच होतो. पण दुपारी पायऱ्या उतरताना पाय हलके होते, उन्हाळ्यापासून पहिल्यांदा.

सभा संपायला आली, आक्कांनी वेळ झाल्याचं सांगितलं, आणि सिंधूबाई म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? तुमी आमचं केंद्र पाह्यलं का कदी?"

मी वाडीला चार वेळा गेलो होतो. रामटेकला, त्या गावाला, एकदाही नाही. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज ऐकला, आणि मला वाटायचं की मला ते गाव माहीत आहे. हे सगळ्यांसमोर सांगायला जड गेलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग या ना. पाहून घ्या. मंग म्हणा काय म्हणायचं ते."

"रविवारी येतो."

"सकाळच्या बसनं या. जेवण इथंच करा. अन् भांडायचं बी इथंच."

मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, काटोलला ऐकू जाईल, उमरेडला ऐकू जाईल, असं.